शर्यत आकाशातली, स्टॉपवॉच खिशातलं

विमानवेड्या मित्राबरोबर एअर शो बघायला जाणं म्हणजे काय? तर त्याच्यापासून एक किलोमीटर लांब, गर्दीत एकट्याने उभं राहणं! खोटं वाटेल, पण १३ जानेवारी २०२४ च्या शनिवारी मी मरीन ड्राइव्हवर नेमकं हेच करत होतो.

हवाई दलाचा तो शो १२ ते १४ जानेवारी असा तीन दिवस होता. आमचा 'विमान्या' (घर लालबागला, मुक्काम कायम आमच्या रूमवर) आठवडाभर झोपला नव्हता. पण एका गोष्टीची त्याला खंत होती. "हा शो आहे रे, शर्यत नाही. घड्याळ नसेल तर कळणार काय, कोण किती जोरात गेलं ते?" मग त्यानेच उपाय काढला. दादरहून लोकलने चर्नी रोडला उतरलो, दोघांच्या मोबाइलवरचं स्टॉपवॉच एकाच क्षणी सुरू केलं आणि नकाशावर मोजून एक किलोमीटर अंतरावर दोघं कठड्याला टेकलो. विमान बरोबर समोर आलं की लॅपचं बटण दाबायचं. फोन करून सांगायचा प्रश्नच नव्हता, त्या गर्दीत नेटवर्कने केव्हाच मान टाकली होती.

सूर्यकिरणची हॉक विमानं त्याच्या बाजूने माझ्याकडे आली. मी बटण दाबलं. नंतर आकडे जुळवले तर फरक निघाला ९ सेकंद. म्हणजे सेकंदाला १११ मीटर, ताशी ४००. विमान्या खवळला. "तू डोळ्याने दाबलंस की कानाने?" खरं सांगायचं तर कानाने. समोरचा काका मोबाइल उंच धरून उभा होता, मला दिसतच नव्हतं, म्हणून आवाज ऐकून दाबलं. इथेच घोळ झाला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान समुद्रावर पाऊण किलोमीटरच्या थोडं आत असेल, तर आवाज आपल्यापर्यंत यायला दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात विमान पाव किलोमीटरहून जास्त पुढे निघून गेलेलं असतं. आवाज येतो तिथे बघावं तर आकाश रिकामं, हा अनुभव सगळ्यांनीच घेतला असेल. पुढच्या वेळी मी काकांच्या बाजूने मान काढून डोळ्यांनी बघून दाबलं. ७ सेकंद. ताशी ५१४! बटण दाबायला बोटाला लागणारा पाव-अर्धा सेकंद धरला तर हाही आकडा वीस-तीसने इकडेतिकडे होणार, पण विमान्याचं समाधान झालं.

रविवारी मात्र एकत्र उभे राहिलो. शो संपल्यावर चौपाटीवर भेळ खाताना मी विचारलं, "शर्यतीत असं वेगळं काय असतं? ज्याचं इंजिन मोठं तो जिंकणार." भेळेचा कागद बाजूला ठेवून साहेबांनी लेक्चर सुरू केलं.

सरळ रेषेत इंजिन जिंकतं हे खरं. पण अमेरिकेत रीनोला १९६४ ते २०२३ पर्यंत चाललेल्या शर्यती काय किंवा २००३ ते २०१९ मधली रेड बुल एअर रेस काय, दोन्हीकडे खांबांना वळसे घालत जायचं असतं. रेड बुलचे खांब हवा भरलेले, २५ मीटर उंच, पंख लागला तर फाटणारे. आणि वळताना विमान झुकवावं लागतं. उंची न सोडता ६० अंश झुकवलं तर पंखांना वजनाच्या दुप्पट भार उचलावा लागतो, म्हणजे २ जी. ८० अंशांना हाच भार जवळजवळ ५.८ जी होतो. सत्तर किलोच्या पायलटला आपण चारशे किलोचे झाल्यासारखं वाटतं, रक्त डोक्यातून पायांकडे उतरतं, डोळ्यांसमोर अंधारी येते. मग वळायचं कशाला एवढं? तर ताशी ३७० वेगाने ६० अंशांत वळलं तर वळणाची त्रिज्या सव्वासहाशे मीटर, ८० अंशांत फक्त १९० मीटर. अंतर वाचतं. पण भार वाढला की त्याच्या वर्गाच्या पटीत पंखांचा ओढ-विरोध वाढतो (फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांनी इंड्यूस्ड ड्रॅग आठवावा, ५.८ जीला तो ३३ पट!) आणि वेग मरतो. म्हणजे जोरात वळलात तर रस्ता कमी पण वेग गेला, हळू वळलात तर वेग राहिला पण रस्ता लांबला. पायलटला यातला मधला मार्ग काढायचा असतो.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं. तेव्हा त्याने १९३० ची गोष्ट सांगितली. आगाखानांनी बक्षीस लावलं होतं ५०० पौंड. इंग्लंड ते भारत, कुठल्याही दिशेने, ठरलेल्या मुदतीत एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला. मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून १९२९ मध्ये लायसन मिळवलेले जे.आर.डी. टाटा कराचीहून निघाले. समोरून इंग्लंडहून येत होता अस्पी इंजिनिअर, वय वर्षं १७! दोघांचीही जिप्सी मॉथ. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला जेआरडी उतरले तर अस्पी तिथेच अडकलेला, स्पार्क प्लगवाचून. जेआरडींकडे जादा प्लग होता. त्यांनी तो दिला. अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला आणि पुढे १९६० मध्ये हवाई दलाचा प्रमुख झाला. जेआरडींनी १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं आणि टाटांची विमानसेवा सुरू झाली.

मी पटकन बोलून गेलो, "म्हणजे प्लग दिला नसता तर जेआरडी जिंकले असते."

विमान्या थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मागच्या वर्षी आपल्या पेटीत जादा सर्वो होता ना?"

होता. मॉडेल विमानांच्या स्पर्धेत शेजारच्या टेबलावरच्या टीमचा सर्वो ऐन वेळी जळाला होता. त्यांच्यातला एकजण विचारायला आला तेव्हा विमान्या बाहेर बॅटरी चार्ज करत होता आणि "नाही रे, एकच आहे," असं सांगणारा मी होतो. त्यांचं विमान उडालंच नाही. आमचा नंबर तिसरा आला. विमान्याला हे कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही, त्यानेही पुढे विषय वाढवला नाही. लोकलमध्ये दादरपर्यंत आम्ही सुखोईवरच बोललो.

सोमवारी पेटी उघडली. सर्वो अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे, ९ ग्रॅमचा, नवा कोरा. ते टेबल कुठल्या हॉस्टेलचं होतं हे कुणाला आठवत असेल तर मला सांगा. नाहीतर पुढच्या स्पर्धेत ज्याचा जळेल त्याने सरळ आमच्या टेबलावर यावं.