सोंग आणि तोतया

परवा नातीने विचारले, "आजोबा, बहुरूपी म्हणजे तोतयाच ना?" "छे!" म्हणालो खरा, पण फरक सांगताना अडखळलो.

बहुरूपी पोलिसाचा वेष करून दारात येतो, दम देतो आणि शेवटी हात पुढे करतो. ते सोंग, हिंदीतल्या स्वांगाचे सख्खे भावंड. हे सोंग आहे, हे बघणाऱ्याला ठाऊक असते. तोतयाचे सारे बळ मात्र ते ठाऊक नसण्यात असते.

'तोतया' शब्द मराठी मनात ठसला तो पानिपतानंतर. १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण पुष्कळांच्या मनाने ते मानलेच नाही. पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत कुंकू पुसले नाही. अशा वेळी सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटून १७७६ मध्ये त्याने कोकणात बंड माजवले. त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक त्यावरच आहे.

बँकेत मी वर्षानुवर्षे सह्या पडताळल्या. खरी सही दरवेळी किंचित बदलते; रेघ न् रेघ जुळली की आम्ही सावध व्हायचो. एकदा एक म्हातारी 'बारा वर्षांनी परतलेला मुलगा' घेऊन आली. दोघांचे सामायिक खाते, पैसे काढायचे होते. त्याची सही नमुन्याशी तंतोतंत जुळली. मी पैसे थांबवले. तो गृहस्थ पाणी प्यायला म्हणून गेला, तो गेलाच.

म्हातारी हळूच म्हणाली, "मला ठाऊक होतं, साहेब. पण आई म्हणून हाक मारत होता हो."