कूलर ठेवायचा कुठे? पोर्चमध्ये मजबूत माळा असा करा

नागपुरात कूलर नसलेलं घर शोधावं लागेल. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, यावरून गरज लक्षात येईल. पण कूलर चालतो चार महिने, बाकी आठ महिने तो नुसती जागा अडवतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे गाडीच्या वर, पोर्चमध्ये माळा.

मी तो दोनदा केला. पहिला चुकला, म्हणून हा लेख.

पहिल्यांदा काय चुकलं?

मी छताला भोकं पाडली, प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या आणि हुकांना फळी टांगली. पावसाळ्यात कूलर वर चढवला. आठवड्याभरात एक हूक दोन बोटं खाली सरकला. त्याच्या बरोबर खाली आमची स्कूटर उभी असते आणि मुलगी रोज तिथेच बूट घालते. त्याच दिवशी सगळं उतरवलं.

वेल्डर बघायला आला आणि म्हणाला, "छताले कायले लटकवता भाऊ, भितीवर बसवा ना!"

तो बरोबर का होता?

काँक्रीट दाब छान सहन करतं, ताण मात्र नाही. स्लॅबवर भार आला की त्याची खालची बाजू ताणली जाते. तो ताण आतल्या सळया घेतात, काँक्रीटला बारीक तडे जाऊ शकतात. आपण टांगलेलं वजन नेमकं याच भागातून हूक बाहेर ओढत असतं. माझ्या गिट्ट्या तर बऱ्याचशा प्लास्टरमध्येच अडकल्या होत्या! भिंतीवर टेकवलेला अँगल मात्र विटांना खाली दाबतो, आणि दाब सहन करणं हे विटांचं रोजचंच काम आहे.

आधी वजनाचा हिशोब

माझा माळा १० फूट लांब (साधारण ३ मीटर) आणि ३ फूट रुंद आहे.

- ५० × ५० × ६ मिमीचा अँगल मीटरला साधारण ४.५ किलो भरतो. पुढे-मागे दोन लांब आणि चार आडवे तुकडे मिळून सुमारे ४३ किलो.
- १८ मिमी प्लायवूड: सुमारे ३२ किलो.
- दोन रिकामे कूलर: ७० किलो.
- इतर सामान: ४० किलो.

एकूण १८५ किलो, म्हणजे डोक्यावर तीन माणसं! हा आकडा मांडल्यावर छताचा विचार मी सोडूनच दिला.

बसवायचं कसं?

१. भिंत ९ इंची विटांची हवी. साडेचार इंची भिंतीवर हा भार टाकू नका.

२. दोन्ही बाजूंच्या भिंतींत खाचा करा. अँगलचं टोक किमान ४ इंच आत टेकलं पाहिजे. कॉलम किंवा बीम फोडू नका.

३. खाचा काँक्रीटने भरा आणि सात दिवस पाणी मारा. तोवर वर काही ठेवू नका.

४. मागचा अँगल भिंतीला दर दोन फुटांवर बोल्टने आवळा. मग अधांतरी राहतो तो फक्त पुढचा.

५. खालची उंची किमान ७ फूट ठेवा. कार असेल तर डिकी पूर्ण उघडून मोजा.

६. पुढच्या कडेला ३ इंचाची पट्टी लावा, सामान घसरत नाही.

अँगल इतवारीत लोहा ओळीत मिळतो. गंज लागू नये म्हणून बसवण्याआधीच रेड ऑक्साइड मारून घ्या.

वर काय ठेवू नये?

पेंट, थिनर, पेट्रोल, गॅस सिलिंडर अजिबात नाही. जुन्या वाळलेल्या ताट्या झटकन पेट घेतात, त्या फेकूनच द्या. कूलरची टाकी रिकामी करून दोन दिवस उन्हात वाळवा. ओला कूलर वर गेला तर पुढच्या मार्चमध्ये गंजलेली टाकी खाली येते. चढवण्याआधी मोटर-पंप काढा, वजन कमी होतं. आणि हे काम दोघांनीच करायचं, शिडीवर एकट्याने नाही.

माझ्या माळ्यावर आता दोन कूलर निवांत आहेत. मुलगी अजून तिथेच बूट घालते, पण आता मी वर बघत नाही.