कलघटगीचं पाणी कुठे जातं?

शाळेत नद्यांची नावं, राजधान्या पाठ करून घ्याव्यात का? माझं उत्तर: हो, पण सुरुवात आपल्या तालुक्यापासून. 🗺️

हुबळीहून सुमारे ३० किमीवरचं कलघटगी घ्या. धारवाडच्या सोमेश्वरला उगम पावणारी शाल्मला इथल्या भागातून वाहणाऱ्या बेडतीला मिळते. बेडती मागोडला कड्यावरून कोसळते, पुढे गंगावळी होते आणि अंकोला-गोकर्णाच्या दरम्यान अरबी समुद्राला मिळते.

हुबळीच्या पूर्वेचं पाणी मात्र बेण्णीहळ्ळ-मलप्रभा-कृष्णा असं थेट बंगालच्या उपसागरात!

म्हणजे एकाच धारवाड जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. याचं कारण मधला जलविभाजक, म्हणजे पाणी दोन दिशांना वाटणारा उंचवटा. पाऊसही सगळीकडे सारखा नाही. कलघटगी सह्याद्रीच्या जवळ, म्हणून पाऊस जास्त, भातशेती. पूर्वेला नवलगुंदकडे पाऊस कमी, काळी जमीन, म्हणून कापूस.

आता बघा, पूर्व-पश्चिम, नद्यांची नावं, दोन समुद्र हेच ठाऊक नसेल, तर मूल ‘असं का?’ हा प्रश्न तरी कसा विचारणार? नुसतं पाठांतर म्हणजे भूगोल नव्हे, हे खरंच. पण माहितीशिवाय विचार तरी कशाचा करायचा?

पालकांनो, नकाशा काढा आणि मुलांना विचारा: आपल्या गावातलं पाणी कोणत्या समुद्राला जातं? उत्तर कमेंटमध्ये लिहा. 👇

#भूगोल #कलघटगी #धारवाड