गॉगल घेताना पाणी कुठलं ते आधी ठरवा

पावसाळी मासेमारीची बंदी उठली, समुद्रात नारळ पडला, होड्या बाहेर गेल्या आणि पहिल्या पापलेटच्या भावाच्या बातम्याही येऊन गेल्या. याच सुमारास हौशी गरवणाऱ्यांच्या मोबाइलवर दुसरा एक हंगाम सुरू होतो, गॉगलचा. ‘खास मासेमारीसाठी, पोलराइज्ड’ असं लिहिलेला गॉगल दोनशे रुपयांना मिळतो आणि वीस हजारांनाही मिळतो. जाहिरातीतला फोटो मात्र बहुतेक एकच असतो: डावीकडे पांढरंफटक चमकणारं पाणी, उजवीकडे तेच पाणी नितळ आणि त्यात मासा. फोटो खोटा नाही. पण ते पाणी कोकणातल्या खाडीचं नसतं, ऑगस्टमधल्या खाडीचं तर नसतंच. गढूळ पाण्यात हा गॉगल जवळजवळ काहीच दाखवत नाही, आणि हे विकणारा आपणहून सांगत नाही.

पोलराइज्ड काच करते काय, ते एकदा नीट समजून घेतलं की निम्मे पैसे वाचतात. उन्हाच्या प्रकाशात सगळ्या दिशांची कंपनं असतात. तो पाण्यावर तिरका पडून उसळला की त्यात आडवी कंपनंच जास्त उरतात. आपल्याला डोळे मिटायला लावते ती चकाकी हीच. काचेतली पातळ फिल्म आडवी कंपनं अडवते आणि उभी सोडते. पाण्याच्या आतून येणाऱ्या प्रकाशात उभी कंपनं भरपूर असतात, त्यामुळे तो थोडा मंद होऊन का होईना, पोचतो. साध्या काळ्या काचेने चकाकी आणि मासा दोन्ही सारखेच काळवंडतात.

यात कोनाला फार महत्त्व आहे. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने 1815 मध्ये त्याचा नियम मांडला. पाण्यासाठी हा ब्रूस्टरचा कोन उभ्या रेषेपासून सुमारे 53 अंशांचा येतो आणि त्या कोनात उसळणारी चकाकी पूर्णपणे आडव्या कंपनांची असते. काठावरच्या माणसासाठी याचा हिशेब सोपा आहे: पाण्यापासून डोळ्याची जेवढी उंची, तिच्या एक पूर्णांक एक तृतीयांश पट अंतरावर गॉगल सगळ्यात चांगला चालतो. डोळा दीड मीटरवर असेल तर दोन मीटरवरचं पाणी, खडपावर चढून सहा मीटरवर गेलात तर आठ मीटरवरचं. अगदी पायाशी किंवा क्षितिजाकडे बघताना फरक कमी होत जातो. शिवाय समुद्र आरशासारखा सपाट नसतो. प्रत्येक लाटेचा उतार वेगळा, म्हणून चकाकी कमी होते, संपत नाही. आणि मान तिरकी केली की काचही तिरकी होते आणि झगमग पुन्हा आत येते.

म्हणजे खरा फायदा कोणाला? गुडघाभर पाण्यात पाग घेऊन बोयीच्या मागावर उभ्या असलेल्याला. त्याला हवं ते पाणी नेमकं त्या दोन-चार मीटरांत असतं. खडपावरून तांबोशी, गोबऱ्यासाठी गरी टाकणाऱ्यालाही, पण पावसाळा ओसरून पाणी निवळल्यावर. रापणीत थव्यावर नजर ठेवणारी जुनी माणसं कपाळावर हात धरून पाण्याचा बदललेला रंग ओळखतात. त्यांच्या डोळ्यांवर अशी काच चढवून बघायला हवी, असं मला फार वाटतं. ट्रॉलरवर मासा शोधायला यंत्र असतं, तिथे गॉगलचं काम डोळ्यांना आराम देणं एवढंच.

आता थोडं विषयांतर, कारण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पाण्यावरची चकाकी गाळून आत बघण्याचा एक गाजलेला प्रयोग मुंबईला येणाऱ्या बोटीवर झाला होता. 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन ऑक्सफर्डची परिषद आटोपून ‘नारकुंडा’ या बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांना अस्वस्थ करत होता. लॉर्ड रॅले यांचं मत होतं की खोल समुद्राची निळाई पाण्याची नव्हेच, ते आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांच्याकडे निकोल प्रिझम होता, म्हणजे आजच्या पोलराइज्ड काचेचं काम करणारा स्फटिकाचा छोटा तुकडा. डेकवरून ब्रूस्टरच्या कोनात बघत त्यांनी आकाशाचं प्रतिबिंब गाळून टाकलं. निळा रंग जायला हवा होता, तो उलट आणखी खुलला. निळाई पाण्याचीच, पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाची, असा निष्कर्ष त्यांनी ‘नेचर’ला लिहून कळवला. त्या पत्राखाली ठिकाण आहे मुंबई बंदर आणि तारीख 26 सप्टेंबर 1921. प्रकाश विखुरण्याच्या याच नादातून पुढे 1928 चा रामन परिणाम आणि 1930 चं नोबेल आलं. त्यांनी वापरलेली युक्ती आज दोनशे रुपयांत नाकावर बसते.

ती नाकावर बसवली अमेरिकेच्या एडविन लँडने. स्फटिकाच्या तुकड्याऐवजी प्लास्टिकची स्वस्त फिल्म हे त्याचं काम. त्याआधी 1852 मध्ये ब्रिस्टलच्या विल्यम हेरपाथ या डॉक्टरच्या शिष्याने क्विनीन पाजलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन घातलं आणि त्यात हिरवे सुईसारखे स्फटिक दिसले. हे स्फटिकही एका दिशेची कंपनं अडवतात, आणि लँडच्या सुरुवातीच्या फिल्ममध्ये तेच होते. चष्म्याच्या कंपनीला माल विकताना त्याने बोस्टनच्या हॉटेलातल्या खिडकीत उन्हात सोनमाशांचं भांडं ठेवलं, असं सांगतात. पाहुण्यांना चकाकीमुळे मासे दिसेनात, मग त्याने हातात फिल्म दिली. या गॉगलची विक्री सुरू झाली तीच मासा दाखवून.

फिल्म स्वस्त झाल्यामुळे ‘पोलराइज्ड आहे का’ हा प्रश्न आता दुय्यम झाला. दुकानात दोन गॉगल एकमेकांवर काटकोनात धरून बघा, आरपार काळोख झाला तर दोन्ही पोलराइज्ड. ही परीक्षा फुटपाथवरचा मालही पास होतो. खरी विचारपूस यूव्ही 400 ची, म्हणजे काच अतिनील किरण अडवते का याची, करायची. चकाकी अडवणं आणि अतिनील किरण अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आणि त्या काचेतून अतिनील किरण जात असतील तर ते आत जास्तच शिरतात. पॉलीकार्बोनेटची काच बहुतेक अतिनील किरण स्वतःच अडवते, त्यामुळे स्वस्त गॉगल म्हणजे घातकच असं नाही. पण त्याची फिल्म वाकडी बसलेली असू शकते, वर्षभरात कडेने सुटू शकते, आणि काच ओबडधोबड असेल तर दुपारपर्यंत डोकं दुखतं. माझ्या मते दीड ते तीन हजारांच्या पुढे तुम्ही मुख्यतः नावाचे पैसे मोजता.

रंगाचं म्हणाल तर काठ, खाडी आणि ढगाळ दिवसासाठी तांबूस किंवा तपकिरी, कारण त्यात तळाचा दगड आणि माशाची पाठ वेगळी उठून दिसते. खोल समुद्रात भर उन्हासाठी करडा. पिवळा फक्त पहाटे आणि तिन्हीसांजेला. काचेवर काळेपणाची 3 श्रेणी लिहिलेली पुरे. 4 श्रेणीची काच लावून गाडी चालवायची नसते. आणि रंगावर खल करण्यापेक्षा दांड्यांकडे बघा. बाजूने शिरलेला उजेड काचेच्या आतल्या बाजूवर उसळून डोळ्यात येतो, म्हणून रुंद दांड्या आणि चेहऱ्याला लपेटणारी फ्रेम हवी. नंबरचा चष्मा असेल तर वरून लावायची क्लिप आहे. दिसायला विचित्र, कामाला चोख.

एक गोष्ट कुठल्याच किमतीचा गॉगल करत नाही. मासा असतो त्याहून वर दिसतो, आणि ती चूक काच सुधारत नाही. ती पाग टाकणाऱ्याच्या हातातच मुरावी लागते.

या सगळ्या बाजाराचा विनोद असा की रविवारी दोन तास गरवायला जाणारा डोळ्यांवर हजारो रुपये चढवतो आणि आयुष्य पाण्यावर काढणारा तांडेल उघड्या डोळ्यांनी बसतो. बुबुळाकडे वाढत जाणारं मांस, म्हणजे टेरिजियम, उन्हात आणि वाऱ्यात राबणाऱ्यांना जास्त होतं. मोतीबिंदूलाही अतिनील किरण हातभार लावतात. लाइफ जॅकेट आणि जीपीएस सुरक्षेच्या साहित्यात धरतो, त्याच यादीत पाचशे रुपयांचा यूव्ही 400 गॉगल धरायला हरकत काय? तो पोलराइज्ड नसला तरी चालेल.

पोलराइज्ड घेतलाच तर होडीवरच्या पडद्यासमोर आधी तपासून घ्या. काही जीपीएसचे पडदे या काचेतून ठरावीक कोनात काळे दिसतात आणि यंत्र बिघडलं असं वाटतं. वापरून झाल्यावर काच शर्टाला पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने धुवायची, मग पुसायची. आणि मागे दोरी लावा. महागडे गॉगलसुद्धा बहुतेक बुडतात.