जुन्या पियानोच्या हट्टी तारा

तंबोरा जुळविताना तुम्ही पाहिला असेल. गवई खुंटी पिळतो, तार छेडतो, कान देऊन ऐकतो आणि थोड्याच वेळात चारही तारा सुरात येतात. पियानोच्या पोटात मात्र अशा सुमारे २३० तारा असतात. पट्टी दाबली की फेल्टने मढविलेली एक लाकडी हातोडी तारेवर आघात करते व स्वर उमटतो. खालच्या स्वरांना तांब्याची तार गुंडाळलेली एकेक जाड तार पुरते. वरच्या प्रत्येक स्वरासाठी मात्र तीन तीन तारा असतात, आणि त्या तिन्ही अगदी एकजीव वाजल्या पाहिजेत.

इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने इ. स. १७०० च्या सुमारास हे वाद्य प्रथम घडविले. त्याने १७२० मध्ये बनविलेला एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जतन केलेला आहे. त्या वेळच्या तारा बारीक होत्या. पुढे भरदार आवाजासाठी तारा जाड झाल्या, ताण वाढला आणि तो सोसण्यासाठी लोखंडी चौकट आली. आजच्या पियानोतील एकेका तारेवर साधारण ७० ते ८० किलोग्रॅमचा ताण असतो. सर्व तारांचा मिळून तो १६ ते २० टनांपर्यंत जातो! एवढा भार पेलणाऱ्या लोखंडी खुंट्या रोवलेल्या असतात त्या लाकडात. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि वाद्य बेसूर होते.

जुळणी करणारा कारागीर तीन तारांपैकी दोन तारांत फेल्टची फीत खोचून त्यांना मुके करतो व एकच तार जुळवितो. मग दुसरी मोकळी करतो. एक तार सेकंदाला ४४० वेळा व दुसरी ४४२ वेळा कंप पावत असेल, तर आवाजात सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. किल्लीने खुंटी किंचित फिरविताच हेलकावे मंदावतात आणि अखेर थांबतात. हे ऐकण्यास यंत्रापेक्षा सरावलेला कानच मला अधिक विश्वासाचा वाटतो.

जुन्या वाद्यात तारांचा रुसवा सुरू होतो. तार जेथे टेकते तेथे ती गंजून चिकटलेली असते. ती एकदम वर ताणली, तर गंजलेल्या जागी तुटण्याचा धोका असतो. म्हणून जाणता कारागीर आधी ती जराशी सैल करतो. बारीकसा 'टक्' असा आवाज होऊन गंजाची पकड सुटते. मगच तो तार हळूहळू चढवितो. या वेळी तो तोंड तारांपासून दूर ठेवतो, कारण तुटलेली तार चाबकासारखी उसळते. पुष्कळदा एकच लांब तार खिळ्याला वळसा घालून दोन तारांचे काम करीत असते; ती तुटली की दोन्ही मुक्या होतात.

काही तारा तर एकट्या वाजविल्या तरी हेलकावे देतात. त्यांचे दुखणे किल्लीने बरे होत नाही. उरलेल्या दोन तारांशी त्यातल्या त्यात बरा मेळ घालावा लागतो. खुंटीचे भोक सैल झाले असेल, तर किंचित जाड खुंटी बसवितात.

फार वर्षे न जुळविलेला पियानो पुष्कळ खाली उतरलेला असतो. नव्या तारा चढवू लागताच ताण वाढून आधी जुळविलेल्या तारा पुन्हा उतरतात, त्यामुळे एक फेरी ढोबळ व दुसरी बारकाईची करावी लागते. तारा फारच जीर्ण असतील, तर समंजस कारागीर ४४० चा हट्ट सोडून सारे वाद्यच अर्धा स्वर खाली जुळवितो. दुसऱ्या वाद्यांच्या साथीला ते मग चालत नाही. पण घरात एकट्याने वाजविणाऱ्याला गोड लागते आणि तारा वाचतात.

आणि तार तुटलीच, तर नवी बसविता येते. ती मात्र कित्येक आठवडे ताणली जाऊन उतरत राहते. म्हणून कारागीर घरातून निघतो तो पुन्हा येण्याचा दिवस ठरवूनच.