गोरेगावची रेघ

जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आणि मतदारसंघांच्या फेररचनेची चर्चा पुन्हा रंगली. उत्तर भारताला किती, दक्षिणेला किती, हा तिचा गाजणारा भाग. उपनगरातला प्रश्न छोटा आणि जास्त बोचरा आहे: आपली सोसायटी रेघेच्या अलीकडे येणार की पलीकडे?

मागच्या वेळी, २००८ साली, या रेघेने मुंबईचं सगळं राजकारण उत्तरेकडे सरकवलं. शहराच्या १७ जागांच्या १० झाल्या, उपनगरांच्या १७ च्या २६. दादर, परळ, माझगाव ही नावं विधानसभेच्या यादीतून गेली. गिरण्या बंद पडल्या, चाळीतली मुलं लग्न झाल्यावर खोली घ्यायला उपनगरात आली, आणि त्यांच्या मागोमाग आमदारही आले. गोरेगाव मात्र आधीपासून यादीत होतं आणि नंतरही राहिलं. नाव राहिलं, आतला मुलूख बदलला.

या मतदारसंघाची गोष्ट मृणाल गोऱ्यांना वगळून सांगता येत नाही, आणि मला तशी ती सांगायचीही नाही. १९५७ पर्यंत गोरेगाव बृहन्मुंबईत नव्हतं. महापालिका आली, कर आला, नळाला पाणी मात्र आलं नाही. १९६१ साली मृणालताई नगरसेविका झाल्या आणि हंडे-कळश्या घेतलेल्या बायकांना पालिकेच्या दारात घेऊन गेल्या. ‘पाणीवाली बाई’ हे नाव तिथलं. १९७२ साली त्या विधानसभेत पोचल्या. त्याच सुमारास कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकरांसोबत त्यांनी महागाईविरोधात लाटणी घेतलेल्या बायकांना रस्त्यावर आणलं. आणीबाणीत तुरुंग झाला. १९७७ साली त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, इंदिरा गांधी हरल्या, आणि ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा घुमली. १९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि पुढे विरोधी पक्षनेत्याही झाल्या.

मला त्यांच्या पदांपेक्षा मोठं वाटतं ते वेगळंच. उपनगरातल्या मतदाराला आमदार हवा असतो तो नळ, गटार, पदपथ यासाठी. म्हणजे निवडून दिलेला प्लंबरच. ही कामं खरं तर नगरसेवकाची, पण ते कोणी ऐकत नाही. मृणालताईंनी मतदाराला ‘हे माझं खातं नव्हे’ असं सांगितलं नाही. नळाच्या रांगेतून त्या थेट सत्तेचा हिशेब मागायला गेल्या. सिमेंटच्या वाटपासाठी देणग्या घेतल्याच्या प्रकरणात तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेले प. बा. ऊर्फ बाबुराव सामंत हे त्यांचेच समाजवादी सहकारी. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं.

पाण्यानंतर घर. शहरी कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन मृणालताई, बाबुराव सामंत आणि मंडळींनी नागरी निवारा परिषदेतर्फे दिंडोशीच्या टेकडीवर ६२ एकरांत हजारो साध्या घरांची वसाहत उभी करून दाखवली. आणि इथे २००८ ची रेघ येते. दिंडोशी वेगळा मतदारसंघ झाला. पत्ता अजून गोरेगाव पूर्वच, मत मात्र दिंडोशीला. गोरेगावच्या सर्वांत गाजलेल्या नेत्याने बांधलेली घरं आज गोरेगाव मतदारसंघात नाहीत!

पुढचा इतिहास भरभर सांगण्यासारखा आहे. १९९० ला शिवसेनेचे सुभाष देसाई, मग नंदकुमार काळे, मग पुन्हा देसाई. शिवसेना-भाजप युती तुटली त्या २०१४ सालात भाजपच्या विद्या ठाकूर यांनी देसाईंना हरवलं. त्यानंतर त्या २०१९ आणि २०२४ लाही जिंकल्या. २०१४ ची गंमत अशी, की जिंकलेल्या ठाकूर राज्यमंत्री झाल्या आणि हरलेले देसाई कॅबिनेट मंत्री, उद्योग खात्याचे. गोरेगावने नाकारलेला माणूस गोरेगावने निवडलेल्या बाईंपेक्षा वरच्या खुर्चीत. मताची किंमत काय, हे ज्याने त्याने ठरवावं. ती कधीकधी फार मोठी असते, हेही इथेच दिसलं: २०२४ ला हा भाग ज्यात येतो त्या वायव्य मुंबईचा खासदार ४८ मतांनी ठरला.

आज इथला विषय पाणी नाही, पुनर्विकास आहे. सिद्धार्थनगरच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांचा करार २००८ चा, आणि घराची वाट पाहण्यात त्यांची दीड दशकाहून जास्त वर्षं गेली. आता सुमारे १४३ एकरांच्या मोतीलाल नगरची पाळी आहे. चर्चा चालते ती ‘कार्पेट’ क्षेत्र किती मिळणार याची.

फेररचनेच्या गणितातली गोम मला इथे दिसते. जनगणनेत माणूस मोजला जातो तो राहतो तिथे. चाळ पाडली, भाडं घेऊन कुटुंब विरारला गेलं, तर गणक त्याचं दार विरारला वाजवणार. त्याच आकड्यांवर रेघ आखायची, आणि ती वाळेपर्यंत त्याच जागी पन्नास मजले उभे. पत्रा चाळीतून बाहेर पडलेल्या कुटुंबांचा आमदार मधल्या सगळ्या वर्षांत कोण होता? मतदार यादीत नाव गोरेगावचं, पाण्याची तक्रार भाड्याच्या गावातली, आणि अडकलेलं घर तिसऱ्याच कुणाच्या हातात.

नवा नकाशा हरकतींसाठी प्रसिद्ध करावा लागतो. मागच्या वेळी किती गोरेगावकरांनी तो उलगडून पाहिला होता?