जपानी चित्रकथांतील प्रेम आणि आमचीं घरें

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमची नात नागपुराहून कळमेश्वरास आली, ती पुस्तकांची एक पिशवी घेऊनच. दुपारीं सर्व मंडळी वामकुक्षी करीत असतां आम्हीं त्यांतलें एक पुस्तक सहज उघडलें, तों कथेचा शेवटच प्रथम पुढें आला. नात हंसून म्हणाली, "आजोबा, हीं पुस्तकें उजवीकडून डावीकडे वाचावयाचीं असतात." साठी उलटल्यावर पुस्तक कसें धरावें हें पुन्हां शिकण्याचा प्रसंग आम्हांस मौजेचा वाटला, घरांतील इतरांस मात्र वाटला नाहीं. चित्रांचीं पुस्तकें, तींही प्रेमाचीं, आणि तीं कॉलेजांत जाणाऱ्या मुलीच्या हातीं! "तुम्ही जन्मभर पेपर तपासलेत ना? मग हेंही आधीं तपासून पाहा," असा हुकूम घरांतून सुटला. त्या तपासणीचा हा वृत्तान्त होय.

जपानांत अशा चित्रकथांस 'मांगा' म्हणतात आणि हलत्या चित्रांतून सांगितलेल्या कथांस 'ॲनिमे'. मांगा बहुधा प्रथम नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होतात व मागाहून त्यांचे भाग निघतात. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणुकीं'तून निघत, त्याच रीतीनें. वाचकांचे वर्गही ठरलेले असतात. मुलींसाठीं त्या 'शोजो', मुलांसाठीं 'शोनेन', प्रौढ स्त्रियांसाठीं 'जोसेइ' आणि प्रौढ पुरुषांसाठीं 'सेइनेन'. प्रेमकथा या चारही वर्गांत आढळते. पण तिचें माहेर म्हणावयाचें तर तें शोजो होय.

हें माहेर उभें कसें राहिलें, याचा इतिहास आमच्या वाचकांस परका वाटणार नाहीं. 1899 सालीं जपान सरकारनें हुकूम काढून प्रत्येक प्रांतांत मुलींची निदान एक उच्च शाळा असावी असें ठरविलें. शाळा निघाल्या, तशा वाचूं शकणाऱ्या मुली झाल्या. आणि त्यांच्यासाठीं 1908 मध्यें 'शोजो नो तोमो', म्हणजे 'मुलींची मैत्रीण', यासारखीं मासिकें निघालीं. युद्धानंतर त्याच परंपरेंत चित्रकथा आल्या. 1953 मध्यें तेझुका ओसामु यांची 'रिबन नो किशी' सुरू झाली. आरंभीं मुलींसाठीं लिहिणारे पुष्कळसे पुरुषच असत. 1970 च्या सुमारास मात्र लेखणी व कुंचला दोन्ही स्त्रियांनीं आपल्या हातीं घेतलीं. इकेदा रियोको यांची 'व्हर्सायचा गुलाब' ही 1972 मधील कथा त्या पालटाची खूण समजतात.

जपानी मुलींच्या या शिक्षणाचा महाराष्ट्राशीं एक जुना ऋणानुबंध आहे. तोक्यो येथें 1901 मध्यें स्त्रियांचें एक विद्यापीठ निघालें होतें. त्याची माहितीपुस्तिका अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं आली आणि तिच्या वाचनानें त्यांच्या मनांतील विचारास निश्चित रूप आलें. 1915 च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं महिला विद्यापीठाची कल्पना मांडली व पुढील वर्षीं तें स्थापन केलें. एका देशांतील मुलींची शाळा दुसऱ्या देशांतील मुलींच्या उपयोगीं पडली, ती अशी.

आतां प्रेमाचें म्हणाल, तर या कथांत एका विधीस फार महत्त्व आहे. त्यास 'कोकुहाकु' म्हणतात. आपलें मन दुसऱ्यापाशीं स्पष्ट शब्दांत उघड करणें, हा त्याचा अर्थ. आमच्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत सांगावयाचें तर, संभोगशृंगारापेक्षां त्या शब्दापूर्वीची घालमेलच या लेखकांस अधिक प्रिय आहे. उच्चारावयाचें एकच वाक्य असतें. पण तें ओठांवर येतां येतां वर्षें लोटतात. मधल्या काळांत पानेंच्या पानें शब्दावांचून जातात. पाऊस पडत असतो, आगगाडी सुटते, छत्रीखालीं दोघें उभीं असतात. आमच्यापासून कांहीं कोसांवर रामटेक आहे. महामहोपाध्याय मिराशी यांनीं मेघदूतांतील रामगिरि तोच, असें प्रतिपादिलें. ज्या डोंगरावर यक्षानें मेघास निरोप सांगितला म्हणतात, त्याच्या छायेंत वाढलेल्या माणसास न सांगितलेल्या गोष्टीचा रस समजावा, यांत नवल नाहीं. अर्थात् सारेंच धान्य निवडलेलें नसतें. कांहीं पुस्तकें पोरकट, तर कांहीं असभ्य आहेत, आणि तीं आम्हीं बाजूस ठेविलीं. पण एक कथा अशी निघाली कीं, ती संपेपर्यंत आमचा दुपारचा डोळा लागेना.

ती ताकाहाशी रुमिको या लेखिकेची 'मेझों इक्कोकु'. ती 1980 पासून 1987 पर्यंत क्रमशः चालली व तिचे पंधरा भाग झाले. एका जुनाट भाडेकरू-घराची ही कथा. तेथें गोदाइ नांवाचा, प्रवेशपरीक्षेंत नापास झालेला एक विद्यार्थी राहतो. शेजारी असे कीं, याच्या खोलींत येऊन खातात, पितात आणि त्याच्या अभ्यासाचा विचका करतात. त्या घराची व्यवस्था पाहावयास क्योको नांवाची तरुणी येते आणि गोदाइचें मन तिच्यावर बसतें. मग कळतें कीं ती विधवा आहे. लग्नाला पुरतें वर्षही झालें नव्हतें. घर तिच्या सासऱ्याचें आहे आणि तिच्या कुत्र्यास मृत पतीचेंच नांव आहे. त्या पतीचा चेहरा लेखिकेनें साऱ्या कथेंत एकदांही दाखविला नाहीं. गोदाइला जिवंत प्रतिस्पर्धीही आहे; पण त्याचा खरा सामना या न दिसणाऱ्या चेहऱ्याशीं आहे. मृताशीं स्पर्धा कशी करावयाची? मृत मनुष्य चुकत नाहीं, आणि त्याचें वयही वाढत नाहीं.

कथा हंसवीत हंसवीत पुढें जाते. गोदाइ पदवी मिळवितो, नोकरीसाठीं वणवण फिरतो, अखेर लहान मुलांच्या शाळेंत शिक्षक होतो. क्योकोचे आईबाप तिनें पुन्हां लग्न करावें म्हणून मागें लागतात. म्हातारा सासरा तिला अडवीत नाहीं. उलट तिनें सुखी व्हावें असेंच त्यास वाटतें. म्हणजे बाहेरून विरोध जवळजवळ नाहींच. अडचण तिच्या मनांत आहे. पुन्हां प्रेम केलें, तर पहिलें प्रेम खोटें ठरेल काय, ही तिची शंका. तिचें उत्तर कथेच्या शेवटीं मिळतें. लग्नापूर्वीं गोदाइ एकटाच त्या पतीच्या समाधीपाशीं जातो आणि सांगतो कीं, मला ती भेटली तेव्हांपासूनच तुम्ही तिच्या मनांत होतां. तेव्हां तुमच्यासह मी तिचा स्वीकार करीन. क्योको मागें उभी राहून हें ऐकते. येथें आम्हांस चष्मा पुसावा लागला, हें कबूल करतों.

जपानांतही पतिव्रतेनें दुसरा पति करूं नये, असा जुना आदर्श होता. आमच्याकडे तर त्याचा कडकपणा सर्वविश्रुत आहे. 1856 मध्यें विधवाविवाहाचा कायदा झाला. विष्णुशास्त्री पंडितांनीं पराशरस्मृतीच्या आधारें पुनर्विवाहाचा कैवार घेतला. 1893 मध्यें अण्णासाहेब कर्वे यांनीं स्वतः विधवेशीं विवाह केला, तेव्हां मुरूडच्या ब्रह्मवृंदानें त्यांस बहिष्कृत केलें. आमचे वाद झाले ते शास्त्रार्थाचे. विवाह विहित कीं निषिद्ध, एवढाच प्रश्न. तिच्या मनांत काय आहे, हा प्रश्न सुधारकांच्या व सनातन्यांच्याही वादांत मागेंच पडला.

हें दुसऱ्यांविषयीं लिहिणें सोपें आहे. आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आमची एक आत्या बाविसाव्या वर्षीं विधवा होऊन कळमेश्वरास माहेरीं आली, ती अखेरपर्यंत येथेंच राहिली. तेव्हां कायदा होऊन शंभरांहून अधिक वर्षें झालीं होतीं. तिचें केशवपन झालें नाहीं कीं छळ झाला नाहीं. तिला कशाची उणीव पडूं दिली नाहीं, असें वडील अभिमानानें सांगत, आणि तें खरेंही होतें. आम्हांस रूपावली तिनेंच पाठ करविली. सायंकाळीं ती बायकांना मासिकांतील कादंबऱ्या मोठ्यानें वाचून दाखवी. मात्र लग्नाचें प्रकरण आलें कीं, पुस्तक आमच्या आईच्या हातीं देऊन ती देवघरांतील वात सारावयास उठे. वर्षानुवर्षें आम्हीं हें पाहिलें आणि तिला प्रकाश कमी दिसत असावा, असेंच समजलों.

कथा संपल्यावर आम्हीं हें नातीस सांगितलें. तिनें विचारलें, "आत्याआजींना कोणीं विचारलें होतें का?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं. विचारलें नव्हतें. वडिलांनीं नाहीं, आजीनें नाहीं. आणि आम्ही मिळवते झाल्यावर आम्हींही नाहीं. नको म्हणाली असती, तरी तें तिचें 'नको' झालें असतें.

तेव्हां तपासणीचा निकाल असा कीं, हीं पुस्तकें सरसकट मुलांच्या हातून काढून घेऊं नयेत; वडीलधाऱ्यांनीं त्यांतलीं निवडक स्वतः वाचावींत आणि मग मुलांशीं बोलावें. आणि ज्या घरांत अकालीं वैधव्य आलेली लेक वा सून आहे, तेथें सांत्वन, अन्नवस्त्र व मान यांवरच न थांबतां, योग्य वेळीं, एकान्तांत, घरच्या कोणीतरी तिला तिची इच्छा विचारावी. हें काम लेखिकेनें त्या कथेंत एका म्हाताऱ्या सासऱ्यावर आणि एका नापास विद्यार्थ्यावर सोंपविलें आहे. आमच्या घरांत तें करावयास शिकलेलीं माणसें पुष्कळ आहेत.

आत्याच्या पेटींतील मासिकें आम्हीं नातीस दिलीं आहेत. तीं ती नागपुरास घेऊन गेली.